बूट टेबलावर ठेवायचे नाहीत

बाईंचं वय ८६. उजवा खांदा पार धरलेला, हात कानाच्या वर जात नव्हता, आणि तो वर नेणं हेच माझं काम. पाय सुजतात म्हणून त्या दिवशी मी त्यांच्यासाठी रुंद तळाचे, वेल्क्रोचे नवे बूट घेऊन गेले होते. स्वयंपाकघरातल्या टेबलावर खोका ठेवला, झाकण काढलं आणि एक बूट त्यांना नीट दिसावा म्हणून टेबलावरच उभा केला. तीन महिने जो हात माझं ऐकत नव्हता तो सपकन आला. बूट फरशीवर. पाठोपाठ खोकाही.

"नवे बूट टेबलावर ठेवायचे नाहीत, माय लव्हर."

(इंग्लंडातल्या डेव्हनमध्ये 'माय लव्हर' कुणीही कुणालाही म्हणतं. पहिल्या आठवड्यात बसवाला म्हणाला तेव्हा मी पुढच्याच थांब्यावर उतरले होते.)

"का?" मी विचारलं.

"का म्हणजे? नाही ठेवायचे."

हा आवाज माझ्या ओळखीचा होता. वेंगुर्ल्यात आजी याच आवाजात सांगायची. तिन्हीसांजेला केर काढायचा नाही. रात्री नखं कापायची नाहीत. माडाखाली उभं राहून नावानं हाक आली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. 'का' ला उत्तर नसायचं, फार तर एक नजर मिळायची. तीच नजर मला डार्टमूर नावाच्या माळरानाच्या काठच्या एका खेड्यात एका इंग्रज म्हातारीकडून मिळाली, आणि खरं सांगते, घरी आल्यासारखं वाटलं. या देशात दीड वर्ष मी जे शोधत हिंडत होते ते मी स्वतःच बुटासकट टेबलावर ठेवलं होतं.

मी डेव्हनमधल्या एक्सेटरला राहते आणि घरोघरी जाऊन फिजिओथेरपी देते. आमच्याकडे कोकणात राखणदार, देवचार, मुंजा, गिऱ्हा ही मंडळी शेजारीपाजारी असल्यासारखी. कोण कुठे राहतो, कुणाला काय चालत नाही, हे लहानपणीच ठाऊक होतं. त्यामुळे इथे आल्यावर इथले शेजारी कोण, अशी उत्सुकता होती. शोधायला मात्र सुरुवात केली चुकीच्या टोकाने. एका गावात पैसे भरून 'भुतांची फेरी' केली. काळा झगा घातलेला तरुण हातात बॅटरीचा कंदील घेऊन पुढे, आम्ही बाराजण मागे, आणि दर कोपऱ्यावर एक पांढऱ्या साडीतली, म्हणजे इथे पांढऱ्या झग्यातली, बाई. मग जुने पब पालथे घातले. "इथे भूत आहे का?" विचारलं की गल्ल्यावरचा माणूस लॅमिनेट केलेलं कार्ड पुढे करायचा. इंग्लंडात जुन्या पबला भूत असणं म्हणजे आपल्याकडे पाटीवर 'शुद्ध शाकाहारी' असणं. नसेल तर लोक विचारतात.

बुटाच्या प्रकरणानंतर लक्षात आलं की प्रश्नच चुकत होता. आमच्या घरात कुणी कधी "तुम्ही भूत मानता का?" असं विचारलं नाही. भूत मानायचं नसतं, टाळायचं असतं. गोष्ट नंतर येते, कधीकधी येतही नाही. आधी येतो तो नियम. म्हणून मी प्रश्न बदलला. भुताचं नावच काढायचं नाही. व्यायाम करून घेता घेता सहज विचारायचं, "तुमच्याकडे लहानपणी काय काय करायचं नाही असं असायचं?"

मग जे सुरू झालं त्याला माझी वही पुरेना. (ही माणसं माझे रुग्ण. त्यांची गावं आणि नावं मी इथे देणार नाही, आणि लिहू का म्हणून बाईंना विचारलंय.) मे महिन्यात हॉथॉर्न फुलतं, पांढरं शुभ्र, पण त्याची फांदी घरात आणायची नाही, आणली तर घरात मरण येतं. एल्डर नावाच्या झाडाचं लाकूड चुलीत घालायचं नाही. एकटा मॅगपाय पक्षी दिसला तर "गुड मॉर्निंग, मिस्टर मॅगपाय" म्हटल्याशिवाय पुढे जायचं नाही; हे तर आमच्या दवाखान्यातले डॉक्टरसुद्धा गाडी चालवताना पुटपुटतात आणि विचारलं की खोकल्याचं निमित्त करतात. घरात कुणी गेलं तर पोळ्यांवर टकटक करून मधमाश्यांना सांगायचं, नाहीतर त्या रुसतात, मरतात किंवा निघून जातात. हे मला आधी एका शेतकऱ्याकडून कळलं, आणि २०२२च्या सप्टेंबरात राणी गेली तेव्हा बकिंगहॅम राजवाड्याच्या मधमाश्यांनाही त्यांची पोळी सांभाळणाऱ्याने रीतसर कळवल्याची बातमी वाचली. वर नवा मालक तुम्हाला चांगला सांभाळेल असंही सांगितलं. रयतेला दवंडी द्यावी तसं.

वहीवरून एक आठवण. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन आपल्याला ठाऊक आहे तो २१ डिसेंबर १९०९ला विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेऱ्यांनी त्याला गोळ्या घातल्या म्हणून. या जॅक्सनने मुंबई इलाख्यातल्या शाळामास्तरांना प्रश्नावल्या पाठवून भुताखेतांची, झाडांची, विहिरींची, नजर लागण्याची माहिती गोळा केली होती. ती त्याच्या मृत्यूनंतर एन्थोव्हेन नावाच्या अधिकाऱ्याने छापली, आणि कोकणच्या भागात आमच्या शेजारच्या उभादांड्याच्या शाळामास्तरांची उत्तरं आहेत. मास्तरांनी सरकारी प्रश्नाला काय सांगितलं असेल आणि काय पोटात ठेवलं असेल, हा विचार मला डेव्हनच्या शेतघरांत बसल्यावर नेहमी येतो. मी तर साधी फिजिओथेरपिस्ट. तरी माझ्या हातात वही दिसली की माणसं जरा सावरून बसतात. म्हणून आता वही गाडीत ठेवते आणि निघाल्यावर पहिल्या वळणावर गाडी थांबवून लिहिते.

दुसरं साधन नकाशा. ऑर्डनन्स सर्व्हे या इथल्या नकाशा-खात्याचा १:२५,००० चा नारिंगी नकाशा, डार्टमूरचा क्रमांक ओएल २८. त्यात कुंपणाची भिंतसुद्धा दाखवलेली असते, आणि जुन्या अवशेषांची नावं वेगळ्या, गॉथिक वळणाच्या अक्षरांत छापलेली. मी रविवारी नकाशा जमिनीवर पसरायची आणि ती काळी, काटेरी अक्षरं शोधायची. दगडांची वर्तुळं, थडगी, उभ्या शिळा. त्यांच्या जवळून पायवाट जाते का, आणि तीन रस्ते कुठे मिळतात, हे पाहायचं. तिठा सापडला की तिथे काहीतरी असणार, ही अक्कल कोकणातली, इथेही चालली.

तसाच सापडला हाउंड टॉर नावाच्या कातळमाथ्यापासून दीडेक किलोमीटरवरचा, अरुंद डांबरी रस्त्याला एक कच्ची वाट मिळते तिथला 'जेज ग्रेव्ह', म्हणजे जेचं थडगं. गोष्ट अठराव्या शतकाच्या शेवटची म्हणून सांगतात. किटी जे नावाची अनाथ मुलगी मॅनॅटनजवळच्या शेतघरात कामाला होती. मालकाच्या पोराकडून दिवस गेले, कुणी दारात उभं करीना, तिने गोठ्यात फास लावून घेतला. आत्महत्या केलेल्याला चर्चच्या आवारात जागा नाही. रस्ते मिळतात तिथे पुरायचं, म्हणजे आत्मा उठला तरी कुठल्या वाटेने गावात यायचं ते त्याला कळू नये. ही पद्धत कायद्याने बंद झाली १८२३ साली. पुढे १८६०च्या सुमारास तो उंचवटा उकरला तेव्हा आत तरुण बाईची हाडं आणि कवटी मिळाली. ती पेटीत घालून पुन्हा तिथेच पुरली आणि भोवती दगड लावले.

लोक सांगतात की थडग्यावर रोज ताजी फुलं असतात आणि ती कोण ठेवतं ते आजवर कुणाला दिसलेलं नाही. मी नोव्हेंबरात गेले. थडगं एवढंसं, पोरीच्याच मापाचं. वर गवत, डोक्याशी दगड. त्याच्यावर हिरवट पडलेली तांब्याची नाणी, शिंपले, प्लॅस्टिकचा गुलाबी घोडा, केसाचा चाप, पावसाने फुगलेली मेणबत्ती, होलीच्या झुडपाची लाल फळांची डहाळी, आणि मुरंब्याच्या बाटलीत तीन पिवळी फुलं, दुकानातली. मी भिंतीवर बसून तासभर थांबले. दोन गाड्या थांबून फोटो काढून गेल्या. तिसरीतून साठीची एक बाई उतरली, वाऱ्याने कलंडलेली बाटली तिने सरळ केली, रस्त्यालगतच्या ओहळातलं पाणी त्यात घातलं, गुडघ्यावर हात टेकत उठली आणि गाडीत बसून निघून गेली. माझ्याकडे पाहिलं नाही. कोण ठेवतं ते कुणाला दिसत नाही याचा अर्थ मला तेव्हा कळला: बघायचं नसतं.

मी काही ठेवलं नाही. तिठ्यावर ठेवलेल्या वस्तूला हात लावायचा नाही आणि ती ओलांडायची नाही, हे माझ्या पायांना माझ्याआधी कळतं. पलीकडे जायचं होतं तर मी थडग्याला लांबून वळसा घालून, चिखलातून गेले. बाईंना नंतर विचारलं, तिथे काय करायचं नाही? म्हणाल्या, "तिथलं काही घरी आणायचं नाही. पेनीसुद्धा." मग जरा थांबून, "आणि पोरींना तिची गोष्ट हसत सांगायची नाही. आमची आई कधीच हसत सांगायची नाही." त्यांच्या आईकडून त्यांना ही गोष्ट मिळाली ती भुताची नव्हतीच. मालकाच्या पोरांपासून लांब राहा, एवढीच होती.

जानेवारीत १७ तारखेला व्हिंपलला गेले. एक्सेटरहून आगगाडीने जवळच, एके काळी सायडरसाठी, म्हणजे सफरचंदाच्या दारूसाठी, नावाजलेलं गाव. तिथे सफरचंदाच्या झाडांना 'वॉसेल' करतात. तारीख १७ का, तर १७५२ साली इंग्लंडने पंचांग बदललं तेव्हा ११ दिवस गळले. माणसांनी नवं पंचांग घेतलं, झाडांना जुनंच ठेवलं. रात्रीची थंडी हाडात शिरणारी, मशाली, चिखलात रुतणारे बूट. एका पोराला झाडावर चढवलं, त्याने सायडरमध्ये बुडवलेला टोस्ट फांदीच्या बेचक्यात ठेवला. मुळांवर सायडर ओतलं. मग सगळ्यांनी मिळून झाडाला उद्देशून म्हटलं की टोप्या भरून दे, पोती भरून दे. आणि बंदुकीचे बार काढले, पातेली बडवली, की फांद्यांत काही वाईट बसलं असेल तर पळून जावं. झाडाशी असं समोरासमोर, अर्धी विनंती अर्धा दम देत बोललेलं मी आमच्या देवळातल्या गाऱ्हाण्यातच ऐकलं होतं. ओळ संपली की माझ्या तोंडून 'व्हय म्हाराजा' निघालं. शेजारच्या गृहस्थांनी ते स्थानिकच काही असेल समजून तसंच म्हणायचा प्रयत्न केला. ही प्रथा मधे खंडली होती आणि गावाने पुन्हा सुरू केली आहे. म्हणून ती खोटी, असं म्हणणारे लोक भेटतात. मला ते पटत नाही. आमच्या वाडीतला दशावतार मधे सहा वर्षं बंद होता, तो काय खोटा झाला?

आता चकव्याचं.

मार्चमध्ये हाउंड टॉरला एकटीच गेले. नवरा ड्यूटीवर होता. टॉर म्हणजे डोंगरमाथ्यावर उघडे पडलेले ग्रॅनाइटचे प्रचंड कातळ. जवळच बोअरमन्स नोज म्हणून एक सुळका आहे. बोअरमन हा शिकारी, त्याने चेटकिणींच्या घोळक्यात कुत्रे घातले, त्यांनी त्याचा दगड केला आणि कुत्र्यांचा हाउंड टॉर. टॉरच्या खालच्या उतारावर मध्ययुगात ओस पडलेल्या वस्तीचे चौथरे आहेत. दाराचे उंबरे, चुलीची जागा ओळखू येते. मी एका घराच्या आत, म्हणजे गुडघाभर भिंतींच्या आत, बसून डब्यातली पोळीभाजी खाल्ली. उठले तेव्हा टॉर दिसेना. धुकं असं खालून वर आलं नाही, की सरकत आलं नाही. होतं ते फक्त पुसलं गेलं.

गाडी ठेवलेली जागा वीस मिनिटांवर. वर चढायचं, टॉर डावीकडे ठेवायचा, उतरायचं. निघाले. दहा मिनिटांनी एक मोडकी भिंत लागली, तिच्या कोपऱ्यात मेंढीची लोकर अडकलेली, निळ्या रंगाचा ठिपका असलेली. डावीकडे वळले. पंधरा मिनिटांनी निळ्या ठिपक्याची लोकर. म्हटलं, मेंढ्या खूप आहेत. नकाशा काढला पण कुठे आहोत हेच कळत नसेल तर नकाशाचं काय करायचं; फोन थंडीने मेला होता आणि होकायंत्र घरी फ्रिजवर चिकटलेलं. तिसऱ्यांदा ती लोकर दिसली तेव्हा पोटात गोळा आला. वारा नव्हता. कुठेतरी पाणी वाहत होतं आणि त्याचा आवाज कधी पुढून यायचा, कधी मागून.

माझे आजोबा आरवलीहून परत येताना रात्रभर एकाच शेतात फिरले होते, सकाळी बांधावर त्यांच्याच पावलांची वाट मळलेली दिसली. ते सांगायचे, चकवा लागला की चालायचं नाही. खाली बसायचं, बिडी पेटवायची, उजाडेपर्यंत हलायचं नाही. डेव्हनमध्ये याला 'पिक्सी-लेड' म्हणतात. पिक्सी म्हणजे इथले हातभर उंचीचे खट्याळ लोक, ते वाट फिरवतात. उपाय बाईंनी सांगितला होता, अगदी औषध सांगावं तसा: अंगातला कोट काढायचा, उलटा करायचा आणि पुन्हा घालायचा.

बिडी नव्हती. उजाडायला पंधरा तास होते. मी भिंतीला टेकून जॅकेट काढलं. बाह्या उलट्या करताना त्या ओल्या, अंगठ्याजवळ अडकणाऱ्या. चेन उलट्या बाजूने लागेना, बोटं बधिर. दोनतीन मिनिटं माझं सगळं लक्ष त्या चेनीत होतं. लागली एकदाची. डोकं वर केलं, आणि पाणी उजवीकडे वाहत होतं. फक्त उजवीकडे. पाणी उजवीकडे म्हणजे उतार उजवीकडे, म्हणजे चढ डावीकडे. लोकर मागे टाकून डावा चढ धरला आणि बारा-पंधरा मिनिटांत टॉरचा पहिला कातळ हाताला लागला, ओला, खरखरीत. त्या कातळाला मी मिठी मारली हे इथे लिहून टाकते.

रात्री नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, गारठून मरायच्या वेळी जॅकेट काढायची अक्कल कुणी शिकवली? आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "चकवो तो. आणि काय!" आणि मग, "पिक्सी काय, नि चकवो काय. तू एकट्याक जातंस कित्याक?" बाई मात्र काही म्हणाल्या नाहीत. जॅकेट किती वेळ उलटं ठेवलं एवढंच विचारलं. गाडीपर्यंत, म्हटल्यावर मान हलवली. बरोबर केलंस.

सगळीकडेच असं काही मिळालं नाही. वाइडकमच्या चर्चमध्ये २१ ऑक्टोबर १६३८ला, रविवारची प्रार्थना चालू असताना, आगीचा गोळा शिरला. चारजण गेले, साठेक जखमी झाले. आज शास्त्रज्ञ त्याला गोलाकार वीज म्हणतात. गावाने सांगितलं की जॅन रेनल्ड्स नावाच्या जुगाऱ्याला न्यायला सैतान आला होता, आणि वाटेत पाउंड्सगेटच्या पबात त्याने एल नावाची बिअर मागितली तेव्हा ती त्याच्या घशात चर्र करून वाजली. चर्चमध्ये ती घटना पद्यात लिहिलेल्या फळ्या आहेत. मी त्या पूर्ण वाचल्या, आणि त्या 'चर्र'सारखं त्यांत काही मिळालं नाही. विस्टमन्स वुडलाही गेले. गोलाकार शिळांच्या मधून उगवलेले, वाकडेतिकडे, खुजे ओक, फांदीफांदीवर शेवाळ आणि दगडफूल; इथून काळे कुत्रे घेऊन शिकारी निघतो म्हणतात. डेव्हनच्या बोलीत 'विश्ट' म्हणजे झपाटलेलं, उदास. आता तिथे विनंती आहे की झाडीत शिरू नका, माणसांच्या पायांनी शेवाळ आणि दगडफूल मरतं. मी बाहेरूनच पाहिलं. गोड्या मसाल्यात घालतो तेच दगडफूल, त्यासाठी अख्खी राई सोवळ्यात ठेवलेली पाहून देवराईची आठवण झाली. सांगणारा आता देवाऐवजी वनस्पतिशास्त्रज्ञ आहे, पण 'आत जायचं नाही' तेच.

जूनमध्ये चार दिवस शेजारच्या कॉर्नवॉलला. बॉसकॅसलला जादूटोण्याचं संग्रहालय आहे, सेसिल विल्यमसन यांनी आधी आइल ऑफ मॅनला उभारलेलं आणि १९६०मध्ये इथे आणलेलं. १६ ऑगस्ट २००४च्या पुरात गावाबरोबर तेही बुडालं होतं. टाचण्या टोचलेल्या बाहुल्या पाहून मला काही वाटलं नाही, काळी बाहुली आमच्या रिक्षालाही असते. एका दोरीपाशी मात्र थबकले. तीन गाठी मारलेली दोरी, खलाशांना विकायची. पहिली गाठ सोडली की मंद वारा, दुसरी सोडली की जोराचा, तिसरी सोडायची नाही. वेंगुर्ल्याच्या बंदरात वाढलेल्या माणसाला त्या तिसऱ्या गाठीबद्दल वेगळं काही सांगावं लागत नाही.

मॅड्रनची विहीर पेन्झान्सजवळ, ओलसर झुडपांत. दुखऱ्या जागेला लावलेली चिंधी झाडाला बांधायची. चिंधी कुजते तसं दुखणं जातं. झाडं चिंध्यांनी लगडलेली. त्यांत नायलॉनच्या रिबिनी, प्लॅस्टिकचे मणी, आणि एक अख्खा धावायचा मोजा, पॉलिस्टरचा. तो कुजायला दोनशे वर्षं लागतील. त्या माणसाच्या टाचेचं काही खरं नाही.

हे सगळं फिरून मी जे शोधत होते ते बाईंच्या स्वयंपाकघरातच होतं. त्यांच्या शेकोटीवर ओकची एक आडवी तुळई आहे, चुलीच्या तोंडावर, धुराने काळी. तिच्यावर थेंबाच्या आकाराचे जळके डाग होते, बोटाच्या पेराएवढे, खाली गोल आणि वर निमुळते. मला वाटायचं मेणबत्ती कलंडून पडलेले. पण कलंडलेल्या मेणबत्तीने असे डाग पडत नाहीत. ज्योत तिरकी धरून बराच वेळ थांबावं लागतं. मुद्दाम काढलेले. विजेरी समोरून मारली तर तुळई नुसती काळी दिसते. मी ती लाकडाला जवळजवळ चिकटवून आडवी धरली, आणि प्रकाश पृष्ठभागावरून सरपटत गेला तशी खरवडलेली अक्षरं उठून आली: एकात एक अडकलेले दोन 'व्ही', दोन ठिकाणी. कुमारी मेरीची खूण म्हणतात याला. जरा वर कंपासने काढलेलं सहा पाकळ्यांचं फूल, निम्मं झिजलेलं. अशी फुलं ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हनच्या जुन्या कोठारात आहेत. क्रेसवेल क्रॅग्जच्या गुहेत तर २०१९मध्ये अशा शेकडो खुणा उजेडात आल्या, तोवर सगळे त्यांना कुणीतरी मारलेल्या रेघोट्या समजत होते. दार, खिडकी, धुराडं, जिथून घराला तोंड आहे तिथे, वाईट आत शिरू नये म्हणून, या असतात. बाई ८६ वर्षं त्या तुळईखाली जगल्या होत्या. त्यांना डाग ठाऊक होते, अक्षरं नव्हती. तुळई पुसताना आई सोडा लावायची नाही, एवढं आठवत होतं.

सप्टेंबरात त्यांचं धुराडं दुरुस्त करायला गवंडी आला. तिशीचा, कानात इअरफोन. दुपारी मी पोचले तेव्हा त्याने मला हाक मारली. धुराड्याच्या आत, हात कोपरापर्यंत गेल्यावर एक कपार लागते, तिथे लहान मुलाचा बूट होता. एकच. चामडं वाळून खारकेसारखं आखडलेलं, पुढून झिजून भोक पडलेलं, टाचेला ठिगळ, नाडीच्या दोन छिद्रांपैकी एक फाटलेलं. आत अंगठ्याचा खळगा अजून होता. कपड्यांत माणसाचा आकार धरून ठेवतो तो फक्त बूटच, म्हणून येणाऱ्या वाइटाला घरातलं माणूस समजून त्यात अडकवायचं, असा एक तर्क. दुसरा तर्क नॉर्थ मार्स्टनच्या जॉन शॉर्न या पाद्र्याचा, ज्याने सैतानाला बुटात कोंडला म्हणतात. नॉर्थॅम्प्टनच्या संग्रहालयात अशा लपवलेल्या बुटांची नोंदवही गेल्या शतकाच्या मध्यापासून चालू आहे. आम्ही तिथे फोटो आणि मापं पाठवायचं ठरवलं.

बूट हातात घेऊन मी वळले. माप घ्यायचं तर तो कुठेतरी ठेवायला हवा. टेबल समोर होतं. बाई माझ्याकडे बघत होत्या. मी पदर नसताना पदर पसरल्यासारखी खाली बसले आणि बूट मांडीवर ठेवून मापला. साडेचौदा सेंटिमीटर.

"आता परत ठेव," बाई गवंड्याला म्हणाल्या. तो हसला. असलं काही आपण मानत नाही, म्हणाला, पण घर तुमचं. शिडीवर चढला, हात आत घातला, आणि थांबला. मग दुसऱ्या हाताने खिशातून फोन काढला, बूट सापडला तेव्हा काढलेला फोटो उघडला, दोन बोटांनी मोठा केला आणि बुटाचं टोक कुठल्या दिशेला होतं ते नीट पाहून घेतलं.